रडण्याला ४० गुण

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संयोजन समिती, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा,
नागपूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या स्पर्धेचं नाव मी या पत्रात मुद्दाम घालत नाही. ज्यांना लिहिलं आहे त्यांना कळेल. बाकीच्यांनी आपापल्या माहितीतल्या स्पर्धेचं नाव घालून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही, इतक्या सगळ्या स्पर्धा आता एकाच साच्यातून निघतात. याआधी मी दोनदा तुमच्याकडे येऊन बोललो. पहिल्या वेळी चहा मिळाला. दुसऱ्या वेळी 'सर, जमाना बदलला आता' एवढं ऐकायला मिळालं. तिसऱ्यांदा जिना चढण्याऐवजी हे पत्र लिहितो आहे आणि सगळ्यांनाच वाचायला देतो आहे.

निमित्त तुमच्या परिपत्रकाचं. यंदाची गुणदान पद्धत पुढेही कायम राहील, असं तुम्ही कळवलं आहे. म्हणजे १०० पैकी आशय २०, भाषा २०, सादरीकरण २० आणि भावनिक प्रभाव ४०. गेल्या वर्षीपर्यंत विषयाचा अभ्यास ३०, युक्तिवाद ३०, भाषा व उच्चार २०, सादरीकरण २० अशी विभागणी होती आणि भाषणानंतर ३ मिनिटं प्रश्नोत्तरं असायची. ती प्रश्नोत्तरं 'वेळेअभावी' गेली. युक्तिवाद कशाअभावी गेला, ते परिपत्रकात लिहिलेलं नाही.

मी कोण, हे समितीतल्या जुन्या मंडळींना सांगायला नको, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, त्यातली पहिली ९ विनाअनुदानित तुकडीवर. तुमच्याच स्पर्धेत ६ वेळा परीक्षक होतो. आता निवृत्त आहे. रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर पाच-सात मुलं वक्तृत्वाच्या तयारीला येतात. फी नाही. पोहे घरचे असतात, तर्री तेवढी कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणतो, कारण आमच्या घरच्या तर्रीला गाडीवरच्या तर्रीची सर नाही.

या गच्चीवर दोन वर्षांपासून एक मुलगी येते. वर्ध्याच्या पलीकडच्या एका गावाची, इथे वसतिगृहात राहून शिकते. ती नववीत असताना तिच्या वडिलांनी जीव दिला. हे मला तिने सांगितलं नव्हतं. यंदाचा विषय जाहीर झाला, 'बळीराजाची व्यथा', तेव्हा कळलं. तिने वहीतून भाषण वाचून दाखवलं. त्यात वडील कुठेच नव्हते. मी विचारलं, तर म्हणाली, "सर, बाबाचं बोलाले लागली का मले रडू येते. अन् मी रडली का मले बोलताच येत नाही. मले बोलाचं हाये."

यापेक्षा चांगली वक्तृत्वाची व्याख्या मला ३१ वर्षांत फळ्यावर लिहिता आली नाही.

तिचं भाषण एका शब्दावर उभं होतं: अपात्र. शेतकरी गेला की काय काय होतं, ते ती क्रमाने सांगत होती. तलाठी येतो, पंचनामा होतो, पोलिसांचा अहवाल जातो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे लागतं. तिथे कर्ज दाखवावं लागतं. ते बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तर ते कर्ज. कृषी केंद्राची उधारी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, यांना कागद नसतो, म्हणून समितीच्या लेखी ते कर्जच नसतं. प्रकरण पात्र ठरलं तर २००६च्या शासन निर्णयाप्रमाणे १ लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्याच वर्षी केंद्राने विदर्भातल्या ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. तोही आकडा तिने सांगितला आणि १ लाखाच्या शेजारी ठेवून दिला. त्यावर एक शब्दही बोलली नाही, फक्त पान उलटलं. मग म्हणाली, "आमच्याकडे मरणाचाही अर्ज करावा लागतो, आणि तो नामंजूर होऊ शकतो."

सभागृहात हे वाक्य आलं तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारी वर्धेकडचे एक काका होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत लावला. टाळी कुणी वाजवली नाही.

निकालानंतर मी तिची गुणपत्रिका मागून घेतली. भावनिक प्रभाव: ४० पैकी ११. खाली परीक्षकांच्या हस्ताक्षरात शेरा: 'आकडे जास्त, भावना कमी. डोळ्यांत पाणी यायला हवे होते.'

कुणाच्या डोळ्यांत, ते लिहिलेलं नव्हतं.

आता पहिल्या क्रमांकाबद्दल. तो मुलगा गुणी आहे, आवाज चांगला आहे, पाठांतर पक्कं आहे. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही, तुमच्या कागदावर जे मागितलं होतं ते त्याने दिलं. त्याने एका लहान मुलीचं वडिलांना लिहिलेलं पत्र वाचलं. 'बाबा, परत या ना' या ओळीवर तो गुडघ्यावर बसला, मागे बासरी सुरू झाली, आवाज फाटला, दिवे मंद झाले. पुढच्या रांगेत रुमाल निघाले. आणि त्या पत्रात एक वाक्य होतं: 'कापूस कापायला गेलेला माझा बाप.'

अहो, कापूस कापत नाहीत. ज्वारी कापतात, गहू कापतात. कापूस वेचतात. बोंडं फुटली की बाया पदराची ओटी करून वावरात उतरतात, आणि सांजेला बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे असतात. नागपूरच्या सभागृहात, जिथल्या निम्म्या लोकांचं मूळ गाव वर्धा-यवतमाळ-अमरावतीकडचं, तिथे 'कापूस कापायला' ऐकून एकाच्याही कपाळावर आठी आली नाही. बासरी सुरू होती ना! या वाक्यावरच त्या भाषणाची सगळ्यांत मोठी टाळी पडली.

माझ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. बासरी, हुंदका आणि गुडघे यांनी ऐकणाऱ्याचा कान बंद केला. भाषण ऐकायला बसलेला माणूस भाषण ऐकेनासा झाला.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला शब्दांपाशी थोडं थांबू द्या. यंदाच्या १४ भाषणांपैकी ९ भाषणांत 'जगाचा पोशिंदा' होता. 'काळ्या आईची कूस' ६ वेळा आली, हे मी रेघा मारून मोजलं आहे. 'पोशिंदा' हा मोठा मानाचा शब्द आहे. पण एकदा पोशिंदा म्हटलं की त्याच्याशी भावाची, हमीची, विम्याची बोलणी करायची राहून जातात. देवाला कुणी मालाचे चुकारे देत नाही, नैवेद्य दाखवतात. शेतकऱ्याला 'राजा' म्हणून ओवाळणाऱ्या भाषणांत कापसाचा क्विंटलचा भाव एकदाही आला नाही, तो यामुळेच.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. या भाषणांतली क्रियापदं पाहा. 'नियतीने हिरावून नेला.' 'काळाने घाला घातला.' 'त्याचा बळी गेला.' मी मुलांना वाक्यात कर्ता शोधायला शिकवलं आहे. कोण घेऊन गेलं? कुणी बळी घेतला? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली, तर त्या वाक्याचा कर्ता बोंडअळी आहे आणि तिच्या मागे बियाण्याचा, फवारणीचा, भरपाईचा प्रश्न उभा आहे. नियतीला कर्ता केलं की कुणालाच काही विचारायचं उरत नाही. ऐकणारा रडतो, मोकळा होतो आणि घरी जातो. भावनेची भाषा अशी वापरली की ती श्रोत्याला गोंजारते, आणि जाब ज्याला विचारायचा त्याला वाचवते. माझ्या त्या मुलीच्या भाषणात प्रत्येक वाक्याला कर्ता होता. तलाठी येतो. समिती ठरवते. मेव्हणा देतो. म्हणून ते कोरडं वाटलं असेल.

आता माझ्यावर येतो, कारण समितीतले एक सदस्य मला म्हणाले होते, "सर, हे सगळं तुम्हीच तर शिकवलं आम्हाला." खरं आहे. ते माझेच विद्यार्थी. त्या काळात मी मुलांच्या भाषणांवर लाल पेन्सिलीने खुणा करायचो. 'इथे थांब.' 'इथे आवाज खाली.' आणि एका खुणेचा मला आज सगळ्यांत जास्त संकोच वाटतो: 'इथे आवंढा.' विषय हुंडाबळी होता. एका मुलीला मी व्यासपीठावर हातातल्या काचेच्या बांगड्या फोडायला लावल्या. सभागृह हाललं. पहिला क्रमांक, ढाल, वर्तमानपत्रात फोटो. बक्षीस घेऊन खाली आल्यावर ती मनगटाला रुमाल बांधत म्हणाली, "सर, त्या बाईचं पुढे काय झालं?" भाषणात जिची गोष्ट होती ती बाई. मला माहीत नव्हतं. गोष्ट मीच रचली होती. ढाल अजून त्या शाळेच्या कपाटावर आहे, मी तिच्याकडे पाहायचं टाळतो.

तेव्हा मी तुम्हाला वरच्या पायरीवरून सांगत नाही. हे औषध मी स्वतः वाटलं आहे, म्हणून त्याची मात्रा किती चढते ते मला माहीत आहे.

मला कोरडी भाषणं हवी आहेत, असं कृपा करून समजू नका. भावनेशिवाय भाषण म्हणजे ग्रामसभेचं इतिवृत्त. इ.स.पू. ४थ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने वक्त्याच्या हाती तीन साधनं दिली: त्याचं स्वतःचं चारित्र्य, श्रोत्यांच्या भावना आणि म्हणण्यातला युक्तिवाद. भावनांवर तर त्याने सविस्तर लिहिलं आहे. राग कुणावर येतो, भीती कशाची वाटते, दया कुणाची येते. पण तोच अ‍ॅरिस्टॉटल सुरुवातीला बजावतो की न्याय करणाऱ्याला राग, मत्सर किंवा दया आणून झुकवणं म्हणजे ज्या पट्टीने मोजायचं तीच आधी वाकडी करून घेणं. तुम्ही पट्टी वाकडी केलीत, एवढंच नाही, वाकडेपणाला ४० गुण ठेवलेत.

आपल्याकडेही 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरतमुनींनी शोक आणि करुण वेगळे ठेवले. शोक हा भाव, करुण हा रस. घरात माणूस गेल्यावर होतो तो शोक, त्यात रस नसतो. तो रंगमंचावर रस होण्यासाठी मांडणी लागते, अंतर लागतं. माझी विद्यार्थिनी ते अंतर राखत होती, कारण शोक तिच्या घरचा होता. तुमच्या गुणपत्रिकेने तिच्याकडे शोक मागितला.

आपल्या शहराला तर या बाबतीत शिकायला बाहेर जायची गरजच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांचं मोठं भाषण झालं. समोरच्या समुदायाच्या भावना कुठे पोचल्या असतील, याची कल्पना करा. नुसतं हात वर करून उभं राहिलं असतं तरी लोकांनी रात्र जागवली असती. त्या भाषणात बाबासाहेब एका साध्या प्रश्नाचं उत्तर देत बसले: नागपूरच का? नाग लोक, त्यांनी केलेला बौद्ध धम्माचा प्रसार, त्यांच्यावरून आलेलं इथलं नाव, सगळं सांगितलं, आणि लोक जे दुसरं कारण लावत होते ते खरं नाही, हेही सांगितलं. भावनेने ओथंबलेल्या माणसांना त्यांनी कारणं दिली. त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत ते म्हणाले होते की २६ जानेवारी १९५०ला आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. वाचताना आजही अंगावर काटा येतो, आणि त्यात एकही हुंदका नाही. काटा येतो तो दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्यामुळे. ३,७५० कोटी आणि १ लाख, आठवतं?

याच शहराचं दुसरं उदाहरणही देतो, थोडं अडचणीचं आहे. डिसेंबर १९२०मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. आपलं काँग्रेसनगर त्याच आठवणीचं. असहकाराच्या ठरावाला विरोध करायला महंमद अली जिना उभे राहिले. ते 'मिस्टर गांधी' म्हणाले, आणि 'महात्मा गांधी म्हणा' असा मंडपभर गलका उठला. त्यांना धड बोलू दिलं नाही. ठराव योग्य होता की नव्हता, हा इथला मुद्दा नाही. मी त्या मंडपात असतो तर गलका करणाऱ्यांतच असतो, याची मला पक्की खात्री आहे. मुद्दा इतकाच की एका संबोधनावर भावना पेटली आणि समोरच्याचा युक्तिवाद, बरोबर असो की चूक, ऐकायचाच राहिला. तुमच्या स्पर्धेत गलका होत नाही, टाळ्या होतात. पण ऐकणं राहून जातं ते तसंच.

तुम्ही म्हणाल, परीक्षकसुद्धा माणसंच आहेत. तेच म्हणतो मी. २००७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही लोकांना माली देशातल्या रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगून मदत मागितली. काहींना लाखो भुकेल्या माणसांचे आकडे दिले. काहींना दोन्ही. एकट्या रोकियाला सगळ्यांत जास्त पैसे मिळाले, आकड्यांना निम्म्याच्या आसपास. आणि रोकियाच्या गोष्टीला आकडे जोडले तर तिचीही मदत घसरली. माणसाचं मन असं चालतं, त्यात परीक्षकाचा दोष नाही. पण मन असं चालतं म्हणूनच गुणपत्रिका लागते. मनाला जिकडे उतार आहे तिकडे पाणी आपोआप जातं, तिकडे आणखी ४० गुणांचा पाट कशाला काढायचा?

याशिवाय काही गोष्टी मी भराभर सांगतो.

प्रवेशअर्जात यंदा एक रकाना होता: 'विषयाशी संबंधित वैयक्तिक अनुभव असल्यास नमूद करावा.' मुलीने प्रामाणिकपणे एक ओळ लिहिली. अर्जातली ती ओळ सूत्रसंचालकाच्या हाती गेली, आणि तिला बोलावताना माइकवरून घोषणा झाली, 'आता येत आहे एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची लेक.' तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वर्गातल्या मुलींना तोवर माहीत नव्हतं. ती पायऱ्या चढता चढता थांबली, मी मागून पाहिलं. मग गेली आणि पहिलं वाक्य नीट बोलली. हे तुम्ही कसं करू शकलात, याचं उत्तर मला कार्यालयात मिळालं नाही. 'वातावरणनिर्मिती' एवढा एकच शब्द मिळाला.

पार्श्वसंगीत कुणी आणावं, कुणी आणू नये, याचा नियम नाही. ज्याच्याकडे स्पीकरला जोडायचा फोन आणि जोडणारा मित्र आहे त्याचं भाषण आपोआप वजनदार होतं.

विषयांची नावं पाहा. 'बळीराजाची व्यथा', 'आई नावाचं दैवत', 'हरवलेलं बालपण'. या विषयांवर दुसरी बाजू घेताच येत नाही. उत्तर विषयातच दिलेलं आहे, मुलांनी फक्त ओलं करायचं.

आणि प्रश्नोत्तरं. ती काढून टाकली हे सगळ्यांत वाईट झालं. भाषण संपल्यावर 'कापूस कापतात की वेचतात' एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता, तर त्या मुलाचंही भलं झालं असतं. त्याला एक गोष्ट कळली असती. आता त्याला वाटतं की हे असंच असतं.

हे तुम्हाला किरकोळ वाटत असेल, महाविद्यालयीन पोरांची स्पर्धा ती काय. पण ही मुलं दोन-चार वर्षांत मतदार आहेत, काही आजच आहेत. कस्तुरचंद पार्कवर सभा भरते तेव्हा तीच समोर बसतात, आणि वर उभ्या असणाऱ्यांनाही आवंढा कुठे गिळायचा ते बरोबर माहीत असतं. 'माझ्या मायबहिणींनो' म्हणून गळा काढणाऱ्या वक्त्याला 'साहेब, आकडा सांगा' म्हणायची सवय कुठे लागायची? ती लागायला तुमचं सभागृह होतं. तिथेच आपण मुलांना शिकवतो आहोत की ज्याने रडवलं तो जिंकला.

याउलट दरवर्षी हिवाळी अधिवेशनात मोर्चे येतात ना, ते एकदा जाऊन ऐका. मी विनाअनुदानितवाला म्हणून त्यात चाललेलो आहे. अंगणवाडी सेविका बोलायला उभी राहते. आधी मानधन किती ते सांगते. मग किती महिन्यांचं थकलं ते. मग गावात किती पोरं, किती गरोदर बाया, किती रजिस्टरं. हे सगळं सांगून झाल्यावर कधी कधी तिचा आवाज भरून येतो. तोवर ऐकणाऱ्याला कशासाठी भरून आला ते पक्कं कळलेलं असतं. तिला ४० पैकी किती द्याल?

तर माझ्या मागण्या. फार नाहीत.

'भावनिक प्रभाव' हा रकाना काढा. अगदीच ठेवायचा तर सादरीकरणात मिसळून १० गुणांचा ठेवा, आणि उरलेले गुण विषयाचा अभ्यास व युक्तिवाद यांना परत द्या.

३ मिनिटांची प्रश्नोत्तरं परत सुरू करा. वेळ कमी पडत असेल तर उद्घाटनाची भाषणं कमी करा. यंदा दीपप्रज्वलन ते आभार यात ५० मिनिटं गेली, घड्याळ मी पाहत होतो.

पार्श्वसंगीत, दिवे मंद करणं, व्यासपीठावर वस्तू आणणं सगळ्यांनाच बंद करा. बांगड्यासुद्धा.

विषय प्रश्नाच्या रूपात द्या, ज्याला निदान दोन उत्तरं असतील.

अर्जातला वैयक्तिक अनुभवाचा रकाना रद्द करा. स्पर्धकाच्या घरची कोणतीही गोष्ट त्याच्या लेखी संमतीशिवाय माइकवरून सांगू नका. आणि यंदा जे झालं त्याबद्दल त्या मुलीला समितीने लेखी दिलगिरी कळवावी. जाहीर नको, तिला पुन्हा जाहीर व्हायचं नाही. पत्र माझ्याकडे द्या, मी पोचवतो.

निकाल बदला, असं मी म्हणत नाही. तीही म्हणत नाही.

पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून यावं, असं तुमचं पत्र गेल्या सोमवारी मला मिळालं. सोबतचं संमतिपत्र सही न करता या पत्राबरोबर परत पाठवतो आहे. गुणपत्रिका बदलली की नवं पाठवा, मी येईन. मानधन नको आणि ऑटोचे पैसेही नकोत. १५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा ठेवतो.

ती मुलगी पुढच्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल. परवा पोहे खाताना तिने विचारलं, "सर, विषय आला का?" मी म्हणालो, अजून नाही. गुणपत्रिकेचं मी तिला काही बोललेलो नाही.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
नागपूर